हिवाळा, कालवा आणि बेचाळीस किलोमीटर

लंडनचा हिवाळा थंडीपेक्षा अंधाराने ओळखावा. महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास येथे सूर्य आठाला काही मिनिटे कमी असताना उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. डिसेंबरात नागपूरचा पारा दहा अंशांपर्यंत उतरला की आम्ही अंगणात शेकोटी पेटवत असू; परंतु दुपारी ऊन हमखास मिळे. येथे ऊन हा आठवड्यातून एखाद्या वेळी भेटणारा पाहुणा असतो. लंडन मॅरेथॉन एप्रिलच्या अखेरीस होते आणि तिची तयारी सोळा आठवड्यांची असते. याचा अर्थ असा की ज्याला वसंतात धावायचे आहे, त्याला नववर्षाच्या पहिल्या आठवड्यात, वर्षातील सर्वांत काळोख्या दिवसांत, घराबाहेर पडावे लागते.

या स्पर्धेसाठी लाखो अर्ज येतात आणि सोडत निघते. गेल्या उन्हाळ्यात माझे नाव लागले. त्यापूर्वी मी अर्धमॅरेथॉन दोनदा धावले होते. पूर्ण अंतर कधीच नाही. हे अंतर 42.195 किलोमीटर असे विचित्र का, याचे उत्तर लंडनमध्येच आहे. 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन व्हाइट सिटीच्या मैदानात राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर 26 मैल 385 यार्ड भरले आणि 1921 साली तेच कायमचे प्रमाण ठरले. राजाच्या सोयीसाठी ठरलेले अंतर आज जगभरची सामान्य माणसे आपल्या पायांनी मोजतात, याची मला मनातून गंमत वाटते.

बातमी कळवली तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न केला, "तुह्या मांगं कोन लागलं वं, बाई?"

प्रश्न विनोदाचा होता, पण पोकळ नव्हता. आमच्या घरात शरीर कधी रिकामे नव्हतेच. आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चार कोस चालत असे. आजोबा गावात पाटलाच्या गल्लीतून जाताना पायातील वहाणा काढून काखेत धरीत. वडिलांनी तीस वर्षे रात्रपाळी केली. घाम गाळणे म्हणजे कोणाचे तरी काम करणे. कोणाचेही काम नसताना, पोटासाठी नसताना, पाठीमागे कोणी लागलेले नसताना घाम गाळावा हे आमच्या मागच्या पिढ्यांना सुचणे शक्यच नव्हते. बाबासाहेबांनी गांधीवादावर टीका करताना यंत्रांची बाजू घेतली ती याच कारणासाठी. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय माणसाला पशूच्या पातळीवरून वर उठता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी दिवसभर खुर्चीत बसून संगणकावर काम करते. ही फुरसत मला वारशाने नव्हे, त्या लढ्यामुळे मिळाली. तिचा उपयोग मी धावण्यासाठी करते. आईला मी एवढे सगळे सांगितले नाही. "कोणी नाही लागलं, म्हणूनच धावते," एवढेच म्हणाले. ती हसली आणि बुटांची किंमत विचारली. ऐकल्यावर हसणे थांबले.

आता वाटेविषयी. मी पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला राहते. घरापासून दहा मिनिटांवर ग्रँड युनियन कालवा आहे. हॅनवेलला एकापाठोपाठ सहा लॉक आहेत. बोटींना पायऱ्या चढाव्यात तसे पाणी वरवर चढवीत नेणारे जड लाकडी दरवाजे. एका बाजूला जुन्या मनोरुग्णालयाची उंच विटांची भिंत. पुढे ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेली एक अजब जागा लागते: खाली रेल्वे, तिच्यावरून कालवा आणि कालव्यावरून रस्ता. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही थरांविषयी सतत बोलत असतो; थर एकमेकांच्या वाटेत न येता कसे रचावेत हे त्या माणसाने विटा आणि ओतीव लोखंडात दाखवून ठेवले आहे. तेथून साउथॉलच्या बाजूने बुल्स ब्रिज आणि बुल्स ब्रिजला पॅडिंग्टनकडे जाणारा फाटा. या फाट्यावर एकही लॉक नाही. वीस-बावीस किलोमीटर सपाट वाट. लांब धावेसाठी याहून चांगली वाट मला ठाऊक नाही.

मात्र ही वाट दिवसाची. कालव्याकाठी बहुतेक ठिकाणी दिवे नाहीत. हिवाळ्याचा अंधार बाईसाठी आणि पुरुषासाठी सारखा नसतो, हे येथे लिहून ठेवले पाहिजे. माझे पुरुष सहकारी सकाळी सहाला कपाळावर दिवा बांधून त्याच वाटेने धावतात. मी त्या वेळी जात नाही. माझ्या ओळखीतील एकही स्त्री एकटी जात नाही. त्यामुळे आठवड्यातील तीन दिवस माझी धाव दिव्यांच्या रस्त्यावर, त्याच त्या चार गल्ल्यांभोवती घिरट्या घालण्यात जाई. बंद दुकाने, बसथांब्यावर उभे राहिलेले सफाई कामगार, त्यांत आपल्याकडचेही चेहरे. मंगळवारी संध्याकाळी स्थानिक धावगटाबरोबर, सगळ्यांच्या अंगात चमकती जाकिटे. कालवा फक्त रविवारी, चांगले उजाडल्यावर. पुरुष वाचकांनी यातून एवढे घ्यावे की, घरातील स्त्री हिवाळ्यात व्यायाम चुकवते तेव्हा ती आळशी असतेच असे नाही.

जानेवारी चांगला गेला. रविवारची धाव 14 किलोमीटरवरून 16, मग 19 अशी वाढत गेली. थंडीचे नियम हळूहळू अंगवळणी पडले. बाहेर पडताना थोडी हुडहुडी भरली पाहिजे. दारातच ऊब वाटली तर तीन किलोमीटरनंतर घामाने भिजणार आणि थांबल्यावर तोच घाम गोठवणार. सुती बनियन नको, तो पाणी धरून ठेवतो. हातमोजे पातळ असले तरी हवेतच. माझ्या बोटांची टोके पांढरी पडत आणि घरी आल्यावर किल्ली फिरवता येत नसे. मोबाइलची बॅटरी थंडीत अचानक मान टाकते, म्हणून तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायचा. बर्फ पडलेला दिसतो तेव्हा भीती नसते, कारण आपण जपून पाय टाकतो. भीती असते ती न दिसणाऱ्या पारदर्शक पापुद्र्याची, ज्याला येथे ब्लॅक आइस म्हणतात. अशा दिवशी रस्त्याचा हट्ट सोडून व्यायामशाळेतल्या पट्ट्यावर धावावे. ते कंटाळवाणे असते, पण नितंबाचे हाड शाबूत राहते.

आणि काही सकाळी अशा येत की सगळे वसूल होई. गवतावर दहिवर गोठलेले, नॅरोबोटींच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर, लॉकच्या दारावर एका पायावर उभा राखी बगळा. आपण जवळून धापा टाकत गेलो तरी तो मान वळवत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चढ लागला. चढ म्हणजे टेकडी नव्हे. वाट तीच होती, सपाट. पण 8 किलोमीटरला पाय असे जड झाले की जणू कोणी पोटऱ्यांत ओली वाळू भरली आहे. पहिल्यांदा वाटले, झोप कमी झाली. दुसऱ्यांदा वाटले, सर्दी येणार. तिसऱ्यांदा घराचा जिना चढताना कठड्याला धरून उभी राहिले. डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली. हिमोग्लोबिन 10.4, फेरिटिन 9. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारा आकडा; हिमोग्लोबिन हे चालू खाते म्हटले तर ही बचत. माझ्या बचतीत जवळजवळ काहीच उरले नव्हते. मासिक पाळीत लोह जाते, घामातून थोडे जाते, लांब धावणाऱ्यांच्या तळपायांवर सतत पडणाऱ्या आघाताने काही रक्तपेशी फुटतात. धावणाऱ्या स्त्रियांत हे पुष्कळ आढळते, असे डॉक्टर म्हणाल्या. तीन आठवडे धावणे बंद, फक्त चालणे. रोज लोहाची एक गोळी, रिकाम्या पोटी, संत्र्याच्या रसासोबत. आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर तरी चहा-कॉफी नाही. शिवाय सूर्य नसलेल्या महिन्यांत येथे सर्वांनाच सांगतात ते ड जीवनसत्त्व, रोज 10 मायक्रोग्रॅम. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा सल्ला आहे. आपल्या मंडळातील किती जण ते घेतात, हे एकदा मोजायला हवे. आणि संत्र्याचा रस बाटलीतून विकत घ्यावा लागणे हा नागपूरच्या माणसाचा जो अपमान आहे, तो मी मुकाट्याने गिळला.

आईला आकडे सांगितले. ती अजिबात घाबरली नाही. "आपल्या घरच्या बायाईले रगत कमीच रायते," ती म्हणाली, जणू डोळ्यांचा रंग किंवा नाकाची ठेवण सांगावी तशी. आजीला चक्कर येई. मावशीला प्रत्येक बाळंतपणात रक्त चढवावे लागले. आई स्वतः पन्नाशीपर्यंत दुपारी भिंतीला टेकून बसे आणि आम्ही मुले समजत असू की आईला बसायला आवडते. पिढ्यान् पिढ्या ज्या घरांत बाई सर्वांत शेवटी जेवली आणि भांड्याच्या तळाशी उरलेले जेवली, त्या घरांत याला आनुवंशिकता म्हणायचे की इतिहास?

त्या तीन आठवड्यांत सर्वांत अवघड होते ते थांबणे. आपल्या लोकांना कष्ट शिकवावे लागत नाहीत. थांबणे मात्र कोणी शिकवलेले नसते. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतो. मी विद्यार्थी असताना दोनदा बसले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या अठरा तासांची आठवण ठेवणारे आपण, त्यांच्या शरीराचे काय झाले याची आठवण तितक्या आवडीने ठेवत नाही. मधुमेह, पायांची दुखणी, क्षीण होत गेलेली दृष्टी, आणि पासष्टाव्या वर्षी निर्वाण. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता. एका माणसाला कोट्यवधींचे काम करायचे होते. आपल्यापुढे तो पर्याय आहे, आणि तो त्यांनीच ठेवला आहे. म्हणून उपाशीपोटी, अशक्तपणातही रेटत राहणे हीच त्यांना वंदना, ही समजूत मला मान्य नाही. धावगटात कोणी "वेदना म्हणजे मनाचा खेळ" असे छापलेला सदरा घालून आला की मला फेरिटिनचा कागद त्याच्यापुढे धरावासा वाटतो.

बसल्या जागी वाचन झाले. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती वीणेच्या दृष्टांतामुळे ऐकली असेल. सोण चंपा नगरीच्या एका श्रीमंत घराण्यातला, तळपायही जमिनीला न लागलेला असा सुकुमार. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात तो चंक्रमण करू लागला, आणि इतक्या अट्टहासाने की पाय फुटले व चालण्याची वाट रक्ताने माखली. फळ मिळेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला विचारले की, तू पूर्वी वीणा वाजवीत होतास. तारा फार ताणल्या तर सूर निघे काय, आणि फार सैल सोडल्या तर? विरिय म्हणजे प्रयत्नही तसाच सम राखावा लागतो.

धम्मवर्गात कथा बहुधा येथेच संपते. मला अधिक भिडला तो पुढचा भाग. तथागत एवढ्या उपदेशावर थांबले नाहीत. त्यांनी सोणाला एका तळाच्या वहाणा वापरायची परवानगी दिली. मन समजावले, आणि पायांचीही व्यवस्था केली. त्यावर सोणाने म्हटले की, मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता एकट्याने वहाणा घातल्या तर लोक हसतील. संपूर्ण संघाला परवानगी मिळाली तरच मी घालीन. आणि ती संपूर्ण संघाला मिळाली.

ज्यांच्या पूर्वजांना गावातून चालताना वहाणा काखेत धराव्या लागल्या, त्यांनी हा प्रसंग अधिक सावकाश वाचावा असे मला वाटते. मी तो वाचला तेव्हा दाराशी ठेवलेले माझे बूट पाहिले. सहाशे-सातशे किलोमीटरनंतर त्यांचा तळ मरतो आणि नवे घ्यावे लागतात. आजोबांच्या वहाणा वर्षानुवर्षे झिजल्या नसतील, निम्मी वाट तर त्या काखेतच होत्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस डॉक्टरांनी धावण्याची मुभा दिली, पण सावकाश. साडेचार तासांत शर्यत पूर्ण करायचे मी ठरवले होते. तो आकडा मी तक्त्यातून काढून टाकला. आकड्यांवर पोट असलेल्या माणसाला हे सोपे नसते. त्याच्या जागी नवा क्रम आला: नऊ मिनिटे धाव, एक मिनिट चाल, पुन्हा नऊ मिनिटे धाव. चालायचे ते दमल्यावर नाही, दमण्याआधी. पहिल्या रविवारी 16 किलोमीटर झाले, पुढच्या दोन रविवारी 19 आणि 23, मग मुद्दाम कमी करून 18. खाण्याचेही बदलले. शरीर स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवते ती साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते. तेथेच धावणाऱ्यांसमोर ती प्रसिद्ध भिंत उभी राहते. म्हणून दर अर्ध्या तासाने काहीतरी पोटात गेले पाहिजे. बाजारातली गोड चिकट पाकिटे मला झेपत नाहीत. मी खजुराचे तुकडे आणि मीठ लावलेला उकडलेला बटाटा नेते. चमकत्या पेहरावातील मंडळी बटाट्याकडे आधी कुतूहलाने आणि पंचविसाव्या किलोमीटरला हेव्याने पाहतात.

मार्चमध्ये उजेड परतला. तो हळूहळू येत नाही. एका आठवड्यात लक्षात येते की संध्याकाळी सहा वाजता आपली सावली रस्त्यावर आहे. चिखल मात्र वाढला. कालव्याची वाट साबणासारखी निसरडी, आणि हंसीण अंड्यांवर बसल्यामुळे वाटेत पहारा देणारा तिचा नवरा. त्याच्यापुढे सगळे धावपटू समान आहेत.

गेल्या रविवारी सर्वांत लांब धाव झाली, 30 किलोमीटर. घरापासून बुल्स ब्रिज, तेथून फाट्याने नॉर्थोल्ट, ग्रीनफर्ड, अल्पर्टन. पुढे नॉर्थ सर्क्युलर रस्त्याच्या वरून कालवा पुलाने ओलांडतो. खाली मोटारी, वर शांत पाणी. केन्सल ग्रीनची दफनभूमी, मग लिटल व्हेनिस, आणि तेथून रीजंट्स कालव्याने प्राणिसंग्रहालयाच्या कडेने प्रिमरोझ हिल. शेवटचे तीन किलोमीटर मी फक्त पुढच्या पुलापर्यंतचा विचार करीत होते. कालवा सोडून वर आले आणि 10, किंग हेन्रीज रोडपर्यंत चालत गेले. महाराष्ट्र शासनाने 2015 साली घेतलेले हे घर आपल्या वाचकांना सांगायला नको. दाराजवळच्या निळ्या फलकावर 1921-22 ही वर्षे आहेत. मॅरेथॉनचे अंतर जगात ज्या वर्षी ठरले त्याच वर्षी हा तिशीतला विद्यार्थी या घरात राहत होता. चरित्रकारांनी त्याच्या त्या दिवसांतील जेवणाची नोंद करून ठेवली आहे: सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा पेला, रात्री भूक आवरेना तेव्हा भाजलेले पापड. मी पायरीजवळ उभी राहून माझा उरलेला बटाटा खाल्ला. पाय थरथरत होते. घाम गार होऊ लागला म्हणून फार वेळ थांबता आले नाही, आणि चिखलाने भरलेल्या बुटांनी आत जावेसेही वाटले नाही. बसने परतले.

पुन्हा केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन 12 च्या वर आले आहे. फेरिटिन अजून 24. डॉक्टर म्हणाल्या, धावायला हरकत नाही, पण गोळ्या आणखी तीन महिने. आईनेही माझ्या तगाद्याने नागपुरात तपासणी करून घेतली. तिचा आकडा माझ्या जानेवारीतील आकड्याहून कमी निघाला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी ती पहिल्यांदा लोहाच्या गोळ्या नियमाने घेते आहे आणि चहावरून रोज माझ्याशी भांडते आहे. या वयात लोह कमी होण्याचे कारण शोधले पाहिजे, म्हणून पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत. त्याची काळजी माझ्या बेचाळीस किलोमीटरहून मोठी आहे.

यंदा शर्यत जयंतीनंतर बारा दिवसांनी आहे. या काळात अंतर कमी करीत जायचे असते, त्यामुळे जयंतीच्या स्वयंपाकाला मी दिवसभर आहे. फक्त खुर्च्या उचलायला कोणीतरी दुसरे पाहावे, अशी समितीला विनंती केली आहे. येत्या रविवारी 19 किलोमीटर, त्यानंतर 13. वाट आता सुकली आहे.